इंग्रजी कविता, डायजेस्ट आणि आमचा माग

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच उरकली होती आणि बारावीची परीक्षा महिन्यावर येऊन ठेपली होती. आमच्या शेजारची एक मुलगी रोज संध्याकाळी इंग्रजीचे डायजेस्ट घेऊन माझ्याकडे येऊ लागली. मी कॉलेजात इंग्रजी विषय घेतला आहे, त्या अर्थी मला इंग्रजी येतच असणार, अशी आमच्या गल्लीची समजूत आहे. ती समजूत दूर करण्याइतका प्रामाणिकपणा माझ्या अंगी नाही.

आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात. आमच्या भिंतीला लागून चादरीचा कारखाना आहे. यंत्रमागांचा खडखडाट इतका सवयीचा, की वीज जाऊन तो थांबला की दचकायला होते. त्या खडखडाटात ही मुलगी मोठमोठ्याने सरोजिनी नायडूंच्या ‘इंडियन वीव्हर्स’ या कवितेचे रसग्रहण पाठ करीत होती. मी सहज विचारले, “कविता कशाबद्दल आहे ग?”

ती म्हणाली, “थीम का, अक्का? थीम पाठ आहे. म्हणू?”

आणि तिने ती न अडखळता म्हटली. तीत मानवी जीवनाच्या तीन अवस्था होत्या, प्रतीके होती, रंगांच्या उपमा होत्या. मी म्हटले, “ते झाले. पण वीव्हर्स म्हणजे कोण?” ती म्हणाली, “विणकर.” “विणकर म्हणजे कोण?” तिने माझ्याकडे पाहिले, मग डायजेस्टकडे पाहिले. पुढचे उत्तर त्यात नव्हते. तिचे वडील त्या वेळी भिंतीपलीकडे पाळीवर होते.

या मुलीला हसावे म्हणून मी हे लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच रसग्रहण असेच पाठ केले होते, आणि मलाही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला लिहायचे आहे ते शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य ज्या साधनांनी शिकवले जाते, त्यांच्याविषयी. विषय मोठा, लेखिका लहान. पण तज्ज्ञ मंडळी या विषयावर लिहितात तेव्हा ती वर्गाच्या पुढच्या बाजूने पाहतात. मी तिसऱ्या बाकावरून पाहिले, एवढाच माझा अधिकार.

आमच्या शाळेत साधने कोणती होती? पाठ्यपुस्तक, फळा, खडू. एक इंग्रजी शब्दकोश होता. तो कार्यालयात असे, आणि शिपायाला सांगून आणावा लागे. एक प्रोजेक्टर होता, त्यावर हातमागाच्या कापडाचे सुरेख आच्छादन होते. काचेच्या कपाटात सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिसत, परंतु त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झाली होती, असे आम्हांला सांगितले जाई. असो. अशी कपाटे महाराष्ट्रात घरोघर म्हणावी तशी शाळोशाळी असतील. तेव्हा खरे साधन उरते ते एकच, बाजारात मिळणारे गाईड. बारावीत गेले की त्याचेच नाव डायजेस्ट होते, एवढाच फरक.

गाईडची टिंगल करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमचे प्राध्यापकही वर्गात करतात, आणि पुढच्या बाकावरची मुले हसतात. ज्यांच्या घरी वडील वकील, आई शिक्षिका, त्यांनी जरूर हसावे. त्यांना अडले तर विचारायला माणूस आहे. माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील सातवीपर्यंत शिकले, आई विड्या वळते, तिला सही येते. रात्री दहा वाजता ‘सिंबॉलिझम’ म्हणजे काय असा प्रश्न पडला तर मी कोणाला विचारायचे? अशा घरात गाईड हाच शिकलेला थोरला भाऊ असतो. तो शंका विचारल्यावर रागावत नाही, फी मागत नाही, आणि प्रत्येक धड्याखाली मराठीत अर्थही सांगतो. त्याने आम्हांला पास केले आहे. त्याचा उपकार मी विसरणार नाही.

पण हा थोरला भाऊ एक गोष्ट करतो. तो आपल्याऐवजी स्वतःच कविता वाचून टाकतो. आपण वाचायच्या आधीच ती कोणाला आवडली, का आवडली, तीतून कोणता संदेश मिळतो, हे सगळे ठरून गेलेले असते. आपण फक्त सही करायची, आई विडी कारखान्यात करते तशी.

याला परीक्षेची रचनाही कारण आहे. मी बसले तेव्हा बारावीची इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची होती. त्यांत कवितांना १४ गुण, आणि त्या चौदांत रसग्रहणाला ४. रसग्रहणाचे मुद्देही ठरलेले: कवी व शीर्षक, विषय, भाषा व अलंकार, संदेश आणि स्वतःचे मत. ‘स्वतःचे मत’ हाही मुद्दा आहे बरे का! डायजेस्टमध्ये तो छापून येतो. सबंध महाराष्ट्रातल्या लाखो मुलांचे स्वतःचे मत एका ठिकाणी छापून येते, हा चमत्कार दुसऱ्या कुठल्या भाषेच्या वाङ्मयात घडला असेल असे वाटत नाही.

आता मूळ कवितेकडे येते. ही कविता सरोजिनीबाईंच्या ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ या संग्रहातली. हा संग्रह १९०५ साली लंडनला प्रसिद्ध झाला. तीन कडवी आहेत. विणकरांना कोणी तरी विचारते की तुम्ही काय विणता? पहाटे ते नवजात बाळाचे निळे वस्त्र विणतात, सांजवेळी राणीच्या लग्नाचे जांभळे-हिरवे वस्त्र, आणि थंड चांदण्यात मेलेल्या माणसाचे पांढरे कफन. एवढेच. कविता इतकी लहान आहे की एका चादरीच्या किनारीवर विणता येईल.

सरोजिनीबाई जन्मल्या हैदराबादेत, १८७९ साली. ज्या निजामाच्या मुलखात त्या वाढल्या, त्याच मुलखातून पद्मशाली विणकर पोट हातावर घेऊन सोलापूरला येत होते. काही दुष्काळामुळे आले, काही कामाच्या शोधात. इथे १८७७ साली पहिली कापडगिरणी, आमची जुनी मिल, उभी राहिली होती, आणि गावात हातमागांना गिऱ्हाईक होते. माझे पणजोबा करीमनगरकडून असेच आले. म्हणजे कवयित्रीने ज्यांना पाहून ही कविता लिहिली असेल त्यांच्यात आमच्या भाऊबंदांपैकी कोणी नसतीलच असे नाही. निदान तसे वाटण्याचा हक्क सोलापूरच्या मुलांना आहे. हे मला कोणी शाळेत सांगितले नाही. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात सरोजिनीबाईंचे चरित्र चाळताना हैदराबाद हा शब्द दिसला, आणि अंगावर काटा आला. डायजेस्टमध्ये हैदराबाद होते. सोलापूर नव्हते. डायजेस्ट सबंध राज्यासाठी छापतात, त्यात सोलापूर कसे असणार? ते वर्गातच यायला हवे.

त्या सुट्टीत मी ती कविता आमच्या तातांना, म्हणजे आजोबांना, तेलुगूत सांगितली. त्यांनी उमेदीची वर्षे खड्ड्याच्या हातमागावर घालवली आणि नंतर यंत्रमागावर. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. मागावाल्यांना म्हातारपणी येतच नाही. मला मोठ्याने ओरडून सांगावे लागले, त्यामुळे कविता सगळ्या गल्लीने ऐकली. पहिली दोन कडवी त्यांनी मान हलवून मान्य केली. तिसऱ्याला मात्र ते म्हणाले, “खोटे आहे. चांदण्यात विणता येत नाही. पांढरा धागा पांढऱ्या उजेडात तुटला तर दिसत नाही. रात्री कंदील लागतो.”

मी हिरमुसले. एवढी मोठी कवयित्री, आणि तिला माग माहीत नव्हता म्हणायचा! थोडा वेळ गेला. तातांनी तंबाखूची डबी उघडली, बंद केली, आणि म्हणाले, “पण बिड्डा, ते कफन आहे ना? मग बरोबर आहे. बाकीची कामे उजेडाची वाट पाहतात. कफन सकाळपर्यंत थांबत नाही.”

मी त्यानंतर कॉलेजात बरीच टीका वाचली, परीक्षेपुरती का होईना. त्या कवितेबद्दल यापेक्षा खरे वाक्य मी वाचलेले नाही. आणि ते बोलणाऱ्या माणसाला इंग्रजीची ए-बी-सी-डी येत नाही. माझा थोरला भाऊ, खराखुरा, दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा बसला नाही. तो आता मागावर जातो. दर वर्षी निकालाच्या दिवशी मला त्याच्याकडे पाहवत नाही. तो गणितात माझ्यापेक्षा हुशार होता. त्याच्या आजोबाला जी कविता एका ऐकण्यात कळली, तसल्याच कवितांच्या विषयात नातू नापास झाला. म्हणजे जे घरात होते ते शाळेपर्यंत पोचले नाही, आणि शाळेत जे होते ते घरापर्यंत आले नाही. या मधल्या खड्ड्यालाच मी साधनांचा अभाव म्हणते. तो प्रोजेक्टरने बुजणार नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक कविता आहे, ‘फादर रिटर्निंग होम’. कवी दिलीप चित्रे. लोकलने रात्री दमून घरी येणाऱ्या, आणि घरात कोणी न बोलणाऱ्या, बापाची कविता. परीक्षेत आम्ही चित्र्यांना ‘इंडियन पोएट रायटिंग इन इंग्लिश’ असे लिहून मोकळे झालो. हे मराठीतले केवढे कवी आहेत, आणि त्यांनी आपल्या तुकोबांचे अभंग ‘सेज तुका’ या नावाने इंग्रजीत नेले, हे वर्गात सांगितले असते तर? ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, जिथे आषाढीला रस्ते वारकऱ्यांनी भरतात, तिथल्या मुलाला इंग्रजीच्या तासाला दोन अभंग मराठीत आणि तेच दोन इंग्रजीत वाचायला मिळाले असते, तर इंग्रजी ही परक्या घरची सून वाटली नसती. आणि बाप दमून येतो, कोणाशी बोलत नाही, हे समजायला तर आम्हांला कुठल्याच भाषेचे साधन लागत नाही.

आर. के. नारायण यांची ज्योतिषाची गोष्टही त्यातच होती. कवड्या मांडून झाडाखाली बसणारा, दुसऱ्याच्या दुकानाच्या उजेडावर धंदा करणारा तो ज्योतिषी आम्ही गड्ड्याच्या यात्रेत दर संक्रांतीला पाहतो. पण ‘कॅरेक्टर स्केच’ लिहिताना आमच्यापैकी एकालाही तो आठवला नाही. आठवून उपयोगही नव्हता.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, नाही तर अन्याय होईल. ‘द इंचकेप रॉक’ नावाची साउदीची कविता होती. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली बुडालेला खडक, त्यावर एका मठाधिपतीने बांधलेली घंटा, ती घंटा द्वेषाने कापून टाकणारा चाचा, आणि पुढे दाट धुक्यात त्याच खडकावर फुटलेले त्याचे जहाज. आम्हांला समुद्र माहीत नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे उजनीचे धरण. आमच्या सरांनी काय केले? त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. एका मुलाला बाहेर पाठवून तो हळूहळू वाजवायला लावला आणि स्वतः कविता मोठ्याने वाचू लागले. मध्येच घंटा बंद झाली. सर वाचतच होते. मिटल्या डोळ्यांनी आम्ही ती घंटा पुन्हा केव्हा वाजते याची वाट पाहत होतो, आणि ती वाजेना. शेवटी जहाज फुटले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा मराठीत म्हणाला, “बरं झालं!” सगळे हसले, सरही हसले. शेजारच्या वर्गाचा तास सुटला असे वाटून मुले बाहेर आली, त्याचा पुढे बराच बोभाटा झाला, ती गोष्ट वेगळी. त्या कवितेचे रसग्रहण मला आजही डायजेस्टशिवाय लिहिता येईल. या साधनाला खर्च आला शून्य रुपये.

आता क्यूआर कोडविषयी. आपल्या सोलापूर जिल्ह्याला याचा अभिमान असणे रास्त आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड आले, आणि २०२० साली डिसले गुरुजींना दहा लक्ष डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. ती बातमी आली त्या दिवशी जिल्ह्यात सगळ्यांना आपल्याच घरी बक्षीस आल्यासारखे झाले होते. बालभारतीची पुस्तकेही आता फोनवर फुकट उतरवून घेता येतात. ही मोठी सोय आहे, पुस्तक फाटले म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुलाला तर फारच.

परंतु फोन घरात एक असतो, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. रात्री तो हाती आला आणि कवितेचे नाव घालून शोधले, तर समोर येतात ती ‘मोस्ट इम्पॉर्टंट’ प्रश्नोत्तरे. म्हणजे तेच डायजेस्ट, फक्त त्याला तोंड फुटलेले. आणि आता तर रसग्रहण लिहून मागितले की क्षणात लिहून देणारी यंत्रेही फोनमध्ये आली आहेत. ती चांगले लिहितात, माझ्यापेक्षा तर नक्कीच. मात्र त्यांना तातांचे वाक्य ठाऊक नाही. ते विचारायला भिंतीपलीकडे जावे लागते.

मग मराठीतून इंग्रजी शिकवावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. या बाबतीत आपल्याकडे दोन टोके आहेत. काही शिक्षक इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणे हा गुन्हा मानतात. मग वर्ग गप्प बसतो आणि शिक्षक भिंतीशी बोलतात. दुसरे सबंध कविता मराठीत सांगून टाकतात, आणि इंग्रजी ओळ एकही वाचली जात नाही. दोन्हींत नुकसान मुलांचेच. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपली जुनी रीत. पहिल्या प्रकारात पोराला थेट वाघिणीपुढे सोडतात, आणि दुसऱ्या प्रकारात दुधाचे नुसते वर्णन ऐकवतात.

आपल्या पूर्वजांना ही अडचण पडली नव्हती काय? आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ १८८३ साली मराठीत आणले. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’चा ‘राजमुकुट’ केला, आणि विंदांनी १९७४ साली ‘राजा लिअर’ दिला. ही मंडळी इंग्रजीत बुडून मराठीत वर आली. हे सगळे ग्रंथ म्हणजे इंग्रजी साहित्य शिकण्याची साधनेच आहेत, आणि ती आपल्या वाचनालयांत धूळ खात पडली आहेत. शाळेच्या इंग्रजी विभागात मराठी भाषांतर ठेवणे कमीपणाचे वाटते, आणि मराठी विभागाला ते आपले काम वाटत नाही. सोलापुरात तर मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि उर्दू. ज्या वर्गात चार भाषा जाणणारी मुले बसली आहेत, तो वर्ग भाषेच्या विषयात दरिद्री कसा, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

माझे म्हणणे साधे आहे. कविता इंग्रजीतच, मोठ्याने, दोनदा वाचावी. तिच्याविषयी बोलावे ज्याला जी भाषा येते तीत. आणि लिहावे आपापल्या मोडक्या इंग्रजीत. एका बाकामागे एक शब्दकोश असावा, कपाटाची किल्ली वर्गप्रमुखाकडे असावी. पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही सोपे वाचन असावे, आणि ते शक्यतो आपल्या मातीशी लागलेले असावे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्यावर शांतारामबापूंचा चित्रपट निघाला हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक त्यांच्यावर लिहिले, आणि त्या पुस्तकावरूनच तो चित्रपट निघाला, हे शाळेत कोणी सांगत नाही. त्यांच्या स्मारकावरून रोज सायकलने जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुलाला त्यातले एक प्रकरण सोपे करून दिले तर तो ते वाचणार नाही काय? मला वाटते वाचील. शेवटी परत न आलेला माणूस आपल्याच गावचा आहे.

परीक्षेचे काय करावे, इथे मात्र माझे मलाच नीट ठरवता येत नाही. रसग्रहणासाठी पुस्तकाबाहेरची एखादी सोपी, न पाहिलेली कविता द्यावी, म्हणजे छापील मत लिहिता येणार नाही, असे मी मोठ्या आवेशाने वादविवाद स्पर्धेत म्हटले होते, आणि टाळ्याही मिळवल्या होत्या. घरी आल्यावर भावाला सांगितले. तो जेवत होता. तो म्हणाला, “म्हणजे पाठ करून जे चार मार्क मिळतात, तेही गेले की.” पास व्हायला ३५ गुण लागतात, आणि माझ्या भावासारख्यांना ते चार गुण म्हणजे काठावरचा आधार असतो. ज्यांना वर्गात काही मिळाले नाही त्यांचे गाईडही काढून घ्यायचे, ही सुधारणा नव्हे. आधी वर्गात काही द्या, मग डायजेस्ट बंद करा, असा क्रम लावला पाहिजे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, वह्या तपासून थकलेल्या शिक्षकाने ते कसे द्यावे, याचे उत्तर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी दिले नाही. मीही दिले नाही.

तेव्हा जे आपल्या हातात आहे तेवढे बोलते. आपल्या महाविद्यालयात इंग्रजी घेतलेले आम्ही विद्यार्थी आहोत, आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मराठीखेरीज दुसरी एखादी भाषा बोलतात. वाङ्मय मंडळाने दर वर्षी एक भित्तिपत्रक कमी काढावे आणि त्याऐवजी बारावीच्या पुस्तकातील आठ कवितांवर एक लहानशी पुस्तिका करावी. उत्तरांची नव्हे, प्रश्नांची. कफन रात्रीच का विणायचे? हे घरी कोणाला विचाराल? तुमच्या भाषेत ‘वीव्हर’ला काय म्हणतात, आणि ताण्याला, बाण्याला, धोट्याला, कांडीला काय म्हणतात? झेरॉक्सचा खर्च मंडळाला झेपेल. गल्लीतल्या कनिष्ठ महाविद्यालयांना ती आम्ही स्वतः नेऊन देऊ. आमच्या इंग्रजीच्या चुका प्राध्यापकांनी तपासून द्याव्यात, म्हणजे गाईडची टिंगल करायला त्यांनाही थोडा कमी वेळ मिळेल. (हे वाक्य संपादकांनी ठेवले तर त्यांचे आभार.)

त्या शेजारच्या मुलीचे सांगायचे राहिले. मी तिला तातांचे वाक्य सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. भिंतीपलीकडे पाळी बदलत होती, त्यामुळे क्षणभर खडखडाट थांबला होता. मग तिने विचारले, “अक्का, हे पेपरात लिहिले तर मार्क मिळतील?”

मी म्हटले, “पहिले मुद्दे डायजेस्टातले लिही. हे शेवटच्या मुद्द्यात घाल.”

तिने तसे केले. ते इंग्रजीत कसे लिहायचे यावर आम्ही दोघींनी एक अख्खी संध्याकाळ घालवली, आणि ‘थांबत नाही’ला कोणते क्रियापद घालावे यावर भांडलोही. मे महिन्यात निकाल लागला. इंग्रजीत तिला ६१ मिळाले. त्यांत त्या वाक्याचे किती, ते गुणपत्रिकेवर लिहून येत नाही.